दिवा वाढला

३ एप्रिल, गुरुवार

बोईसरच्या डॉक्टरीणबाईंनी ही वही घालून दिली. बोलल्या, रखमाबाई दिवसाला किती पाणी पितात ते रोज लिवा, चार पेल्यांवर जायचं नाय. आता वही दोनशे पानांची आणि पाणी चार पेले. बाकीच्या जागंत काय बोंबील वाळवू? म्हणून माझंच लिवते. सातपाटीच्या शाळंत सातवीपर्यंत शिकली मी. बाई माझ्या वहीवर लाल रेघा मारून दमायच्या. इथं रेघा मारायला कोण नाय.

रखमा माझी नणंद, वयानं मोठी, म्हणून वन्स. नवऱ्यानं टाकली तेव्हापासून चाळीस वर्षं शिरगावात माझ्या उरावर हाय. ती बोलते, मी तिच्या उरावर. दोन वर्षांमागं तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. दर सोमवारी न गुरवारी बोईसरला मशीनवर घालायची. चार तास रगत बाहेर काढतात, धुतात, परत घालतात. मी तिला बोलते, वन्स, रगताबरोबर जिभेचं पण धुवून देतात का इचारा.

आमचे हे, कमलाकांत, सहा वर्षांमागं गेले ते मागं व्हॅन ठेवून. ती चालवते प्रतीक्षा. मागच्या खोलीत भाड्यानं राहते, परभणीकडची हाय, नवरा रामकिसन तारापूरला कंपनीत. ती वन्सला नेते-आणते, मी भाडं घेत नाय. दोघींचं भागतं.

मागच्या आठवड्यात गाडीत पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असतं तो. उमरोळीला सुकाच्या गॅरेजात नेली तर तो बोलला, बाय, ठेवून जा, तपासायची मशीन दुसऱ्याकडून आणतो, दोन दिवस लागतील. त्या दोन दिवसांत गुरवार गेला. रिक्षावाला येतो बोलला न आला नाय. शुक्रवारी वन्सला दम लागला, पालघरला दवाखान्यात तीन दिवस नळ्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले, पुन्हा चुकवाल तर आणू नका, उपयोग नाय व्हायचा.

आणि गाडीला काय झालं होतं? एक वायर सैल होती. सुकानं हातानं दाबली.

म्हणून ठरवलं, गाडीचा दिवा वाचायची मशीन आपणच घ्यायची. पाच मिंटात कळलं पायजे काय झालं, गाडी कुठं ठेवून यायला नको. हल्ली घरगुती मिळते बोलतात.

पाणी: साडेतीन पेले. तिच्या मते तीन.

७ एप्रिल, सोमवार

रामकिसननं काल कंपनीतल्या कुणाची तरी मशीन आणली होती. निळी डबी, काडेपेटीएवढी. स्टेरिंगखाली भोक असतं त्यात खोचायची न फोनवर बघायचं. फोन बोलतो, जोडत आहे, जोडत आहे. तासभर तेच. मी रामकिसनला बोलली, तुझ्या लग्नाचं पण असंच तीन वर्षं जोडत होते ना? प्रतीक्षा तोंडाला पदर लावून आत पळाली. शेवटी फोन जोडला गेला तो शेजारच्या सुजितच्या गाण्याच्या डब्याला.

डबी रातभर तशीच राहिली गाडीत, तिनं बॅटरी खाल्ली. आज गाडी चालू होईना. वन्स आत बसलेली न अर्धं शिरगाव मागून ढकलतंय. वन्स काचेतून सगळ्यांना हात दाखवत होती नवरीसारखी. मी हसली, पण घड्याळ बघत होती. वीस मिंटं उशीर झाला. मशीनवर घेतली तिला, पण नर्सबाई बोलल्या, परत असं नको.

निळी डबी नको.

८ एप्रिल, मंगळवार

पालघरला मासळी विकून झाल्यावर गाडीच्या सामानाच्या दुकानात गेली. हाताला कोलंबीचा वास. दुकानदार पोरगा, अक्षय, आधी नाक मुरडत होता, मंग मी इचारायला लागली तसा सरळ बसला. जुन्या गाडीला बसंल का? नेट लागंल का? माझा फोन मेला तरी चालंल का? दिवा घालवता येतो का?

त्यानं तीन ठेवल्या पुढ्यात. एक परत ती निळी डबी, ती मी बोटानं बाजूला सारली. दुसरी हातात धरायची, वायरवाली, छोटी काच, चार बटणं. बिघाडाचा कोड दाखवते आणि पुसते, बस. गाडीचीच वीज घेते, फोन नको, नेट नको. तिसरी तशीच पण जरा मोठी. ती गाडी चालू असताना इंजिन किती तापलंय ते पण आकड्यात दाखवते.

अक्षय तिसरीच्या मागं लागला. मावशी, थोडाच फरक हाय, हीच घ्या, तुमच्या गाडीत तापमानाचा काटा नाय, नुसता लाल दिवा हाय, तो पेटतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मी तीस वर्षं मासळी विकते. बाई ज्या पापलेटाचा आग्रह करते तो पापलेट कालचा असतो. मी बोलली, बाबा, माझ्या घरात एक तापवाली हाय, तिच्यासाठी थर्मामीटर हाय. गाडीला नको. दुसरी दे.

बाहेर गाडीत लावून बघितली, तेव्हाच पैशे दिले. लाल निळी हाय, दिसायला बरी. आमचे हे असते तर बोलले असते, वच्छे, इंजिनाला कान लाव, मशीन कशाला. त्यांनी जन्मभर सातपाटीच्या बोटींची इंजिनं नुसती ऐकून दुरुस्त केली. पण मला त्यांचा कान वारसात मिळाला नाय, व्हॅन मिळाली.

१० एप्रिल, गुरुवार

आज गंमत झाली. तिन्हीसांजेला देवापुढचा दिवा वाऱ्यानं गेला. प्रतीक्षा वन्सला आणून सोडत होती, ती पटकन बोलली, काकू, दिवा विझला.

मी तिला तिथंच धरलं. विझला म्हणू नये गो. दिवा वाढला म्हणायचं. बांगडी फुटत नाय, वाढते. नारळ फोडत नाय, वाढवतात. दुकान बंद करत नाय, वाढवतात.

ती बोलली, आमच्याकडं वाढलं म्हणजे जास्त झालं.

तुमच्याकडं ऊनच जास्त, बाकी काय जास्त हाय, मी बोलली.

वन्स खाटेवरून बोलली, आणि माझी वेळ आली की काय म्हणशील, वच्छे? मी बोलली, तुमची वेळ आली की पान वाढू. तिघी हसलो. वन्सला हसताना खोकला आला, पाठ चोळावी लागली.

मंग प्रतीक्षाकडून तीनदा म्हणवून घेतलं. दिवा वाढला, दिवा वाढला, दिवा वाढला. शाळंतल्या बाईंसारखं.

माझ्या बांगड्या वन्सनीच वाढवल्या होत्या, सहा वर्षांमागं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाय तिनं. हळू हळू एक एक काढली, एक पण तिनं आपटली नाय.

पाणी: चार पेले न एक बर्फाचा खडा. खडा तिनं चोरला. सुजितच्या आईला फितवलीय.

१८ एप्रिल, शुक्रवार

काल बोईसरवरून येताना पिवळा दिवा परत लागला. घाबरायचं काय काम, मशीन हाय. आज सकाळी मी न प्रतीक्षा गाडीत बसलो, वायर खोचली. काचेवर आलं, पी शून्य चार आठ शून्य. प्रतीक्षानं फोनवर शोधलं. कूलिंग फॅन, आणि पुढं कायतरी सर्किट.

कूलिंग म्हंजे गारवा, फॅन म्हंजे पंखा. गाडीतला गार हवेचा पंखा तर दोन वर्षं बंदच हाय. त्याचंच रडगाणं. प्रतीक्षा बोलली, काकू, इंजिनाला पण पंखा असतो का? मी हसली. अगं, चाळीस वर्षं इंजिनांच्यात संसार केला मी. बोटीच्या इंजिनाला दर्याचं पाणी गार करतं, पंखा मी जन्मात बघितला नाय. इंजिनाला लागतं तेल न पाणी. पाणी बघितलं, काठोकाठ होतं.

वन्सला तर मशीनवरून उठल्यावर थंडी वाजते, उन्हाळ्यात गोधडी घेऊन बसते. आमाला गारवा नकोच.

बटण दाबलं, कोड गेला, दिवा गेला. प्रतीक्षा बोलली, पुसला, काकू. मी डोळे मोठे केले. ती लगेच बोलली, वाढवला, वाढवला. शाबास बोलली मी तिला.

पाच मिंटं लागली. सुकाकडं दोन दिवस गेले असते. मी मशीनीला हळदकुंकू लावलं.

२४ एप्रिल, गुरुवार

दिवा परत लागला. परत वाढवला. तोच पंख्याचा कोड. आता मी एकटीच करते, चष्मा लावून. शेजारपाजारचे पण यायला लागलेत. सुजित त्याच्या मामाची गाडी घेऊन आला. मी त्याला बोलली, आधी बोंबील उलटून दे, मंग तुझा नंबर. मला डॉक्टरीणबाई म्हणतात गल्लीत.

वन्स बोलली, वच्छे, माझ्या पायाला पण ती वायर खोच, बघ काय कोड येतो. पाय सुजलेत तिचे. मी बोलली, कोड येतो, बर्फ चोरला.

प्रतीक्षा सांगत होती, बोईसरच्या पुलाआधी गाड्या अडकल्या की इंजिनाकडून गरम वास येतो, चालायला लागली की जातो. एप्रिल हाय, मी बोलली, मला पण येतो.

पाणी: साडेतीन.

२९ एप्रिल, मंगळवार

प्रतीक्षानं डोकं खाल्लं म्हणून सुकाकडं गाडी नेली. निघायच्या आधी बघितलं तर दिवा लागलेला. मी मशीन लावून वाढवून टाकला. प्रतीक्षा बोलली, काकू, कशाला, त्यांना दिसू द्या की. अगं, डॉक्टरकडं जाताना पण आपण धुतलेलं लुगडं नेसून जातो. पेटलेला दिवा घेऊन कुणाच्या दारात जायचं? आणि सुका बघितल्याबरोबर बोलंल, ठेवून जा, दोन दिवस. परवा गुरवार हाय.

सुका कमी बोलतो. जव्हारकडचा हाय, चार वाक्यं बोलला तर दिवाळी. त्यानं आता स्वतःची मशीन घेतलीय. लावली. यात काय नाय, बाय, बोलला. मी प्रतीक्षाकडं बघितलं, बघ म्हणून. सुकानं इचारलं, कोड तुमी पुसला नाय ना? मी बोलली, आमच्यात पुसत नाय बाबा, वाढवतात. तो हसला नाय. बोलला, परत लागला तर काय करू नका, तसाच मला दावा.

बरं म्हटलं. मंग त्याला सुके बोंबील दिले.

१ मे, गुरुवार

बोईसरहून सकाळीच फोन आला. केंद्रातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं, आज कुणालाच घेत नाय, सोमवारी या. पालघरला इचारलं, तिथं जागा नाय. आणखी दोन ठिकाणी इचारलं.

एवढे दिवस मी गाडी बिघडंल म्हणून जीव टाकत होती, न बिघडलं तिकडचंच.

डॉक्टरीणबाई फोनवर बोलल्या, पाणी दोन पेले, फळं नको, नारळपाणी अजिबात नको, दम लागला तर थेट दवाखाना, आणि सोमवार चुकवायचा नाय. काय पण होऊ दे, सोमवार चुकवायचा नाय. दोनदा बोलल्या. मी इथं दोनदा लिवून ठेवते. सोमवार चुकवायचा नाय.

पाणी: दोन.

३ मे, शनिवार

वन्सचं तोंड फुगलंय. झोपवली की दम लागतो, म्हणून उशा लावून बसवलीय. पालघरला नेलं, सुई दिली, बोलले सोमवारपर्यंत निघंल.

पाणी मागते. चमच्यानं देते. मी बोलली, वन्स, गाडीला बादलीनं पाजते न तुमाला चमच्यानं, माझ्याकडून पाप होतंय. ती बोलली, गाडीला जप गो, ती तुला शेवटपर्यंत नेईल. मंग माझा हात धरून बसली. असं ती कधी करत नाय. मला थट्टा सुचंना, म्हणून मी पण बसली.

पाणी: दीड.

५ मे, सोमवार

बारा वाजता दोघींना काढून दिलं. तीन वाजताची वेळ, पण आज लवकरच काढलं. मी पाणी बघितलं, तेल बघितलं, दिवा नव्हता. मशीन प्रतीक्षाच्या पर्समधे दिली. वन्सला गाडीत बसवायला सुजित न मी दोघं लागलो. खिडकीतून बोलली, वच्छे, पाण्याचं खोटं लिवू नको माझ्या मागं.

मी जाणारच होती बरोबर. पण सातपाटीच्या तीन बोटी एकदम लागल्या, माझ्या नावाची मासळी काढून ठेवलेली, ती आज उचलली नसती तर कुजली असती.

आता अडीच वाजलेत. मगाशी, दोनला, प्रतीक्षाचा फोन आला. मागं हॉर्नच हॉर्न. पुलाआधी शिफ्टच्या बसेस न टेम्पो अडकलेत, अर्धा तास झाला बोलली. मंग बोलली, काकू, ते पिवळं लागलं होतं, आणि आता दिवा वाढलाय.

माझा जीव भांड्यात पडला. मी बोलली, वाढला ना, बरं झालं गो. थांबू नको, जा.

जाऊ तशीच?

जा, जा. वन्सची वेळ चुकवायची नाय.

फोन ठेवला न मला हसू आलं. शिकली पोरगी. एवढ्या गडबडीत पण विझला बोलली नाय, वाढला बोलली. आल्यावर तिला लाडू देते. आमच्या ह्यांच्या फोटोला सांगितलं, बघा, परभणीच्या पोरीला माणसात आणली.

पाणी: सकाळपासून अर्धा. बाकी बोईसरला काढतीलच.

९ मे, शुक्रवार

वन्स गेली. सोमवारीच, संध्याकाळी सव्वापाचला. चार दिवस वही उघडली नाय.

प्रतीक्षा सांगते ते असं. मी जा बोलली म्हणून ती तशीच पुढं पुढं सरकवत राहिली. पुलावर चढताना इंजिनातून वाफ आली न गाडी बंद पडली. मागं पुढं बसेस. ना गाडी हलंना, ना रिक्षा आत येईना. ऊन. वन्सला दम लागला. प्रतीक्षानं न एका बसच्या क्लिनरनं तिला उचलून पूल उतरवला, रिक्षात घातली. केंद्रात पोचल्या तेव्हा चार वाजून गेले होते. तिथं बघितल्याबरोबर बोलले, हिला मशीनवर घेता येत नाय, मोठ्या दवाखान्यात न्या. नेईपर्यंत श्वास थांबला.

मी पोचली तेव्हा चादर होती तोंडावर. मी पाय बघितले, सूज तशीच होती.

जिथं तिला ठेवली होती तिथं पिठावर दिवा ठेवलाय. दहा दिवस जाऊ द्यायचा नाय. मी बाजूलाच बसून असते, तेल घालते.

११ मे, रविवार

सुका आला होता. गाडी त्याच्याकडंच ओढून नेली होती. उंबऱ्यात उभा राहून बोलला, बाय, इंजिन जाम झालंय. पुढं इंजिनाचा पंखा असतो, तो फिरत नव्हता. वाऱ्यात चालली की गाडी गार राहते, अडकली की तापते, लाल दिवा पेटतो. पंख्याला वीज सोडणारा छोटा रिले असतो, तो जळलेला. अर्ध्या तासाचं काम होतं.

मी इचारलं, इंजिनाला पंखा असतो?

तो बोलला, गाडीला असतो, बाय. बोटीला नसतो.

जाताना तो बोलला, त्या दिवशी कोड दिसला असता तर तिथंच बदलून दिला असता.

पाणी काठोकाठ होतं. मी स्वतः बघितलं होतं.

माहीमचे दीर-जावा आलेत. सगळ्यांचं एकच, परकी पोरगी, लाल दिवा पेटलेला असताना दामटली, जाळून टाकली गाडी न माणूस पण. माझी जाऊ स्वाती बोलली, खोली खाली करून घ्या. खरं लिवते, माझ्या पण मनात तेच होतं. पंख्याचं माझं चुकलं, पण लाल दिवा डोळ्यासमोर पेटला तर थांबायचं ना गो. एक फोन करायचा ना. केला तो पण दिवा गेला म्हणून सांगायला.

प्रतीक्षा समोर येत नाय. मागच्या दारानं पाणी भरून ठेवते न जाते.

१२ मे, सोमवार

आज दुपारी घरात कोण नव्हतं. मी चुलीकडं होती. प्रतीक्षा दिव्यात तेल घालायला आली असंल, मला माहीत नव्हतं. तिचा आवाज आला.

काकू, दिवा वाढलाय.

माझ्या हातातलं भांडं पडलं. सातवा दिवस नाय तर आठवा, आणि दिवा गेला. वन्सचा दिवा गेला. मी धावत आली, गुडघा दारावर आपटला.

दिवा जळत होता. वात पुढं सरकली होती, ज्योत वीतभर झाली होती. भिंतीवर काळं चढत होतं. प्रतीक्षा काडीनं वात मागं सारत होती.

मी तिथंच खाली बसली. ती बोलली, काय नाय काकू, वाढला होता जरा, कमी केला.

मंग मी तिला इचारलं. कसं इचारलं मला माहीत नाय. त्या दिवशी फोनवर काय बोललीस तू?

ती बोलली, तेच, दिवा वाढलाय. आधी पिवळा होता, मग लाल पण आला, एकाचे दोन झाले.

आणि मी काय बोलली?

बरं झालं बोललात. जा बोललात.

तिनं काडी खाली ठेवली. मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा करायलात, ती बोलली. मी विचारलं पण होतं, जाऊ का तशीच. तुम्ही दोनदा जा बोललात. मला वाटलं, तुम्हाला इंजिनाचं कळतं.

मी तिला सांगितलं मला काय ऐकू आलं ते. तिला समजायला वेळ लागला. समजल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला न बोलली, गडबडीत आमच्याकडचंच तोंडात आलं हो, काकू. मी शिकवलेलं ती विसरली म्हणून माझी माफी मागत होती ती.

१४ मे, बुधवार

दहावा झाला. सकाळी किनाऱ्यावर सगळं केलं. घरी आल्यावर माहीमची माणसं ओटीवर बसली होती न परत तेच चाललं होतं, खोली कधी खाली होणार. रामकिसन खाली मान घालून उभा होता. त्यानं सामान बांधायला घेतलंय.

मी उभी राहिली न बोलली, गाडी पुढं ने म्हणून मी सांगितलं. कोड मी पुसत होती. पोरीनं फोन करून इचारलं होतं.

मंग मोठे दीर सुस्कारा टाकून बोलले, वत्सलावहिनी, आज तरी थट्टा नको. स्वाती बोलली, पोरीला वाचवायला बघतायत, त्यांचा स्वभावच तसा. दोन-तीन बायका हसल्या पण, दुःखात जरा बरं वाटतं तसं. तीस वर्षं मी ह्यांना हसवलंय. मी परत सांगितलं. शब्दाचं सगळं सांगितलं, वाढला न वाढला. त्यांनी मला धरून खाली बसवलं न पाणी दिलं.

मी पेला हातात धरून बसली. भरलेला पेला.

मंग दिव्याची वेळ आली. दहा दिवस झाले, आता त्याला निरोप द्यायचा. घरच्या बाईनं द्यायचा असतो. मी बोलली, प्रतीक्षा देईल. स्वाती उठायला लागली, मी तिच्याकडं बघितलं तशी बसली.

प्रतीक्षा दारातून आली. दिव्यापुढं बसली. हात पुढं केला न थांबली. हळूच, मला एकटीला ऐकू जाईल असं इचारलं, काकू, वाढवू?

मी बोलली, नको गो. विझव. विझव म्हण.

सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. असं बोलत नाय आमच्यात.

ती बोलली, विझवते.

हां, मी बोलली. आता कळलं.